सर्व्हर डाऊन आहे म्हणे!

शाळेत असताना वर्गातली काच फुटली की मी विचारायची, "काच कोणी फोडली?" आणि सगळ्या वर्गाचं एकच उत्तर यायचं, "बाई, फुटली." फोडणे हे सकर्मक क्रियापद, त्याला फोडणारा लागतो. फुटणे अकर्मक. काच आपली आपण फुटते, कोणाचं नाव येत नाही, कोणाला छडी बसत नाही. पाचवीतल्या पोरांनाही व्याकरणाची ही सोय न शिकवता कळते. मग मोठेपणी तीच पोरं खुर्चीवर बसतात आणि काचेपलीकडून आपल्याला सांगतात, "सर्व्हर डाऊन आहे."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याची चीड येते. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, सर्व्हर डाऊन. सातबारा निघत नाही, सर्व्हर डाऊन. पासबुक छापून मिळत नाही, तेही सर्व्हर डाऊन. पूर्वी "साहेब जागेवर नाहीत" म्हणायचे, पण साहेब निदान दिसायचे तरी, चहाच्या टपरीवर का होईना. हा सर्व्हर कोणी पाहिलेलाच नाही. त्याच्यावर काहीही ढकला, तो उलटून बोलत नाही.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण झालं. आमच्याकडे पोळ्यांना जी येते, तिची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला एका संस्थेत प्रवेश मिळाला. (संस्थेचं नाव लिहीत नाही. तशा पुष्कळ आहेत, एकीलाच कशाला बदनाम करा.) फीचा पहिला हप्ता साडेआठ हजार, शेवटचा दिवस शनिवार. मुलीने शुक्रवारी संध्याकाळी आमच्या शिळफाट्यावरूनच, माझ्यासमोर, मोबाइलवरून पैसे भरले. खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा निरोपही आला. पण संस्थेच्या पडद्यावर मात्र "प्रलंबित" म्हणजे प्रलंबितच. शनिवारी सकाळी मायलेकी तिथे गेल्या. खिडकीवर उत्तर तयार होतं. सर्व्हर डाऊन आहे, पैसे आमच्याकडे आलेले नाहीत, आज रोख भरा नाहीतर जागा जाईल, आधीचे येतील परत आपोआप. तिच्या आईने बचत गटातून दोन तासांत साडेआठ हजार उचलले आणि भरले. एकाच हप्त्यासाठी सतरा हजार! पोळ्या लाटून किती महिन्यांत होतात सतरा हजार, त्याचा हिशेब तिला तोंडपाठ आहे.

आता या "आपोआप"कडे लक्ष द्या. तेही फुटणे याच जातीचं आहे.

पुढच्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्याला हिंजवडीत असतो, आई-वडील अजून खोपोलीतच. त्याचं काम नेमकं काय, हे त्याने मला आधी दोनदा समजावून सांगितलं होतं आणि मला दोन्ही वेळा कळलं नव्हतं. कोणत्यातरी मोठ्या ग्राहकाची "मेसेज क्यू" सांभाळतो, रात्रपाळीला असतो, एवढंच लक्षात राहिलेलं. या वेळी मी त्याला सोडला नाही. चहा पुढे केला आणि म्हटलं, "पैसे इथून गेले आणि तिथे पोहोचले नाहीत, तर मधे ते असतात कुठे?"

तो हसला. म्हणाला, "बाई, पैसे कुठे जात नाहीत. निरोप जातो. आणि तो अडकतो रांगेत."

मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. तंत्राची चूक निघाली तर ती माझी.

एका संगणकाला दुसऱ्याला काही कळवायचं असेल तर एक मार्ग फोनचा. दोघांनी एकाच वेळी हजर असायला हवं. दुसरा मार्ग टपालाचा. मी पत्र पेटीत टाकलं, माझं काम संपलं. पलीकडचा झोपलेला असो, दुरुस्तीसाठी बंद असो, उठला की पेटी उघडून वाचेल. ही पेटी म्हणजे क्यू. ती सांभाळणारा पोस्टमास्तर म्हणजे क्यू मॅनेजर, आणि दोन पोस्टांमधला डाकेचा रस्ता म्हणजे चॅनल. आयबीएमने असलं सॉफ्टवेअर १९९३ साली 'एमक्यूसिरीज' नावाने बाजारात आणलं. आता त्याला आयबीएम एमक्यू म्हणतात, आणि जगातल्या मोठमोठ्या बँका त्यावर चालतात. आयबीएमच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी अमेरिकेत 'इन्फर्मेशन बस' नावाची अशीच कल्पना काढली, शेअर बाजारातल्या लोकांना विकली, आणि पुढे १९९७ साली 'टिबको' नावाची कंपनी काढली. रणदिवे हे नाव ऐकून मला उगाचच बरं वाटलं. असो.

मला ही रांग खरी समजली ती खोपोलीमुळे. आमच्याकडे टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. पाऊस वर लोणावळ्याला कोसळतो, तोही चार महिन्यांत सगळा. खाली जनित्राला मात्र बारा महिने बेताबेताने पाणी हवं. म्हणून वर तळी बांधली. पाऊस त्याच्या गतीने येतो, पाणी जनित्राच्या गतीने उतरतं, मधे तळं दोघांना सांभाळून घेतं. मेसेज क्यू म्हणजे तळं. शेवटच्या तारखेला हजारो पोरं एकदम फी भरतात तो पाऊस. संस्थेचा हिशेबाचा संगणक हे जनित्र. तेव्हा गर्दी झाली म्हणून डाऊन झालं, ही सबब तळं बांधलेल्याने सांगूच नये. गर्दीसाठीच तर ते बांधलं!

"मग अडतं कुठे?" मी विचारलं.

"बाई, शंभरातल्या बहुतेक वेळा मांडणीत. कॉन्फिगरेशनमध्ये. म्हणजे... तुम्ही आमच्या वह्यांत लाल शाईने जे करायचात ना, त्यातच."

आणि मग त्याने एकेक चूक सांगायला सुरुवात केली, तशी मी थक्क होत गेले. मला वाटलं होतं काहीतरी अगम्य गणित असेल. कप्पाळ! सगळ्या शुद्धलेखनाच्या चुका.

एमक्यूमध्ये रांगेच्या नावात इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरतात. लहान लिपीतली 'फी' आणि मोठ्या लिपीतली 'फी' या दोन निरनिराळ्या रांगा. आपल्याकडे दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, तसंच. यात आणखी एक मेख आहे. रांग तयार करण्याची आज्ञा लिहिताना नाव एकेरी अवतरणचिन्हांत घातलं तर ते जसंच्या तसं राहतं, आणि अवतरणचिन्हं विसरलात तर सॉफ्टवेअर न विचारता सगळी अक्षरं मोठी करून टाकतं. आज्ञा देणाऱ्याला वाटतं मी लहान लिपीत नाव ठेवलं. रांग तयार होते भलत्याच नावाची. निरोप पाठवणारा लहान लिपीतल्या नावाने हाक मारतो आणि उत्तर येतं, क्रमांक २०८५, या नावाचं इथे कोणी नाही. दोन अवतरणचिन्हं! मी चाळीस मिनिटांच्या तासात अवतरणचिन्हांवर बोलायला लागले की मागच्या बाकावर जांभया सुरू व्हायच्या. त्या बाकावर हाही असायचा. मी तसं म्हटल्यावर लाजला बिचारा.

असे क्रमांक पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक क्रमांकाला अर्थ आहे. हे मला फार आवडलं. २०५९ म्हणजे पोस्टमास्तरच जागेवर नाही किंवा तुम्ही चुकीच्या दारावर टकटक करताय. (नेहमीचं दार १४१४ नंबरचं असतं, पण कोणीतरी ते बदलतं आणि दुसऱ्याला सांगत नाही.) २०३० म्हणजे पत्र पेटीच्या तोंडापेक्षा मोठं. २०५३ म्हणजे पेटी भरली. सॉफ्टवेअर स्वतः कधी नुसतं "डाऊन आहे" म्हणून थांबत नाही, ते नेमका आकडा सांगतं. तो आकडा खिडकीपर्यंत येईपर्यंत मधल्या माणसांनी गाळून टाकलेला असतो, आणि आपल्या हातात पडतो तो चोथा.

२०५३ची गंमत ऐका. पेटीत किती पत्रं मावतील याचा आकडा सुरुवातीला पाच हजार ठेवलेला असतो. ती भरली की घाईतला माणूस काय करतो? आकडा वाढवून पन्नास हजार करतो आणि "प्रश्न सुटला" असं लिहून मोकळा होतो. अरे, पेटी का भरली? पलीकडे पत्रं वाचणारा बंद पडलाय म्हणून! जनित्र थांबलंय आणि हे महाशय धरणाची भिंत उंच करत बसलेत. दोन दिवसांनी पन्नास हजारही भरतात.

त्याहून वाईट प्रकार २०३५चा. २०३५ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. का नाही, ते मात्र बाहेरच्याला सांगत नाहीत. नाव चुकलं, परवलीचा शब्द चुकला, त्या रस्त्यानेच यायला बंदी आहे की ती ठराविक पेटी उघडायचा हक्क नाही, बाहेर दिसतो तो आकडा एकच. हे मी समजू शकते. चोराला "कुलूप बरोबर आहे, किल्ली तेवढी चुकली" असं कोणी सांगेल का? पण खरं कारण आतल्या नोंदवहीत, एरर लॉगमध्ये, चांगलं सविस्तर लिहिलेलं असतं. कोण आला, कुठून आला, कोणत्या नियमाने अडवला, सगळं. ही वही उघडून वाचायला पाच मिनिटं लागतात. त्याऐवजी काय करतात ठाऊक आहे? २०११ सालच्या आवृत्तीपासून नव्या क्यू मॅनेजरच्या रस्त्यांवर पहारा आपसूक बसवलेला येतो. तो पहाराच काढून टाकायचा! एका ओळीची आज्ञा आहे म्हणे. ती दिली की २०३५ नाहीसा होतो, आणि सगळी आळी आत येऊ शकते. किल्ली लागत नाही म्हणून दार बिजागरीतून उचकटून ठेवायचं आणि वरिष्ठांना कळवायचं की दार आता छान उघडतं.

या नोंदवहीच्या फायली तीन असतात. पहिली भरली की तिचा मजकूर दुसरीत सरकतो, दुसरीतला तिसरीत, तिसरीतला पुसला जातो. म्हणजे वेळेत नाही वाचलं तर पुरावाही राहत नाही. वाचायची कोणाला घाई असते सांगा?

घाई असते ती रीस्टार्टची. आणि माझं खरं भांडण या रीस्टार्टशी आहे.

काहीही झालं की बंद करून चालू करायचं. घरातल्या टीव्हीला हे ठीक आहे, मीही करते. पण रांगेतल्या निरोपांचे दोन प्रकार असतात. एक टिकाऊ, जो तबकडीवर लिहून ठेवला जातो, क्यू मॅनेजर बंद पडून परत उठला तरी असतो. दुसरा तात्पुरता, नुसता स्मरणात ठेवलेला. रीस्टार्ट केलं की दुसऱ्या प्रकारचे निरोप गेले. आणि वेगळं काही सांगितलं नाही तर रांगेचा मूळ स्वभाव तात्पुरत्याचाच असतो! पैशाचा निरोप टिकाऊच ठेवायचा असतो, चांगले लोक ठेवतातही. पण ज्याने अवतरणचिन्हं विसरली तो हे विसरणार नाही कशावरून? मग रात्री दोन वाजता कोणीतरी "चला, रीस्टार्ट मारू" म्हणतो, पडदा स्वच्छ होतो, रांगा रिकाम्या दिसतात, सगळे घरी जातात. रांग रिकामी झाली म्हणजे कामं झाली असं नाही. शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा कपाटामागे टाकला की टेबल असंच स्वच्छ दिसतं. (हो, मी पाहिलंय. नाव विचारू नका.)

रीस्टार्टने कधीकधी खरंच बरं वाटतं, हे माझा विद्यार्थी मानतो आणि मीही मानते. पण कशाने बिघडलं होतं हे कळलं नाही, तर बरं झालं असं म्हणायचं कशाच्या आधारावर? ताप उतरला की डॉक्टर निदान मलेरिया होता की टायफॉइड एवढं तरी लिहून ठेवतात.

आता येते ती माझी आवडती जागा, डेड लेटर क्यू. पोस्टात पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' असायचं. नंतर त्याला 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' असं जरा बरं नाव मिळालं. पत्ता चुकलेली, ज्यांचा धनी सापडत नाही अशी पत्रं तिथे जात. तिथले कर्मचारी गुप्ततेचं बंधन पाळून पत्र उघडत, आत कुठे पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा मिळतो का बघत, आणि मिळाला तर पत्र परत धाडत. म्हणजे चुकलेल्या पत्रासाठीसुद्धा सरकारने पगार देऊन माणूस बसवला होता! एमक्यूमध्येही तशीच पेटी आहे आणि नावही तेच. पोहोचवता न आलेला निरोप त्यात पडतो, आणि का पोहोचला नाही त्या कारणाचा क्रमांक त्याच्या कपाळावर चिकटवलेला असतो. पेटी तयारच येते. मात्र "न पोहोचलेली पत्रं या पेटीत टाका" ही एक ओळ क्यू मॅनेजरला सांगावी लागते, कारण ती जागा मुळात कोरी असते. ती कोरी राहिली आणि एखादा टिकाऊ निरोप पोहोचवता आला नाही, की तो रस्ताच बंद पडतो. एका चुकलेल्या पत्रासाठी मागची सगळी डाक उभी. आपल्या कर्जत-खोपोली लोहमार्गासारखं, रूळ एकच. एक गाडी अडली की बाकीच्यांनी फलाटावर वेफर्स खात बसायचं.

आणि ती ओळ सांगितलेली असली, निरोप नीट त्या पेटीत पडत असले, तरी ती उघडायची कोणी? मी विद्यार्थ्याला विचारलं, "तुमच्याकडे रोज उघडतात?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्याकडे उघडतात. पण बाई, एका ठिकाणी मी नवीन गेलो तेव्हा त्या पेटीत दोन वर्षांचे निरोप होते."

दोन वर्षांचे! कोणाचे असतील ते? कोणाची फी, कोणाचं पेन्शन, कोणाच्या विम्याचा हप्ता. त्या प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या खिडकीवर कोणीतरी सांगितलं असणार की सर्व्हर डाऊन आहे.

हे सगळं लहानसहान ठिकाणीच होतं असं समजू नका. १२ एप्रिल २०२५, हनुमान जयंतीचा शनिवार, त्या दिवशी देशभर यूपीआय अडलं. त्याआधी २६ मार्चलाही अडलं होतं. ती व्यवस्था एमक्यूची नव्हे, तिची रचना निराळी, पण चूक बघा किती ओळखीची आहे. ती चालवणारं राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे मुंबईची एनपीसीआय, हिने नंतर जे कारण दिलं त्याचा सारांश असा की काही बँकांचे संगणक "त्या व्यवहाराचं काय झालं?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, विचारत सुटले आणि त्या प्रश्नांच्या पुराखाली खरे व्यवहार बुडाले. तेव्हा नियम काय होता? पहिला प्रश्न विचारण्याआधी किमान ९० सेकंद थांबा, आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारू नका. शिस्तीचा साधा नियम. उत्तर येईपर्यंत हात वर करून "बाई, बाई, बाई" ओरडत राहायचं नाही, हे आम्ही पहिलीत शिकवतो. मग १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा काटेकोर झाल्या, आणि त्यात आपल्यासारख्यांवरही बंधन आलं की एका ॲपवरून दिवसाला पन्नासच वेळा खात्यातली शिल्लक बघता येईल. हल्ला करणारे बँकांचे संगणक, आणि पेपरांत मथळा झाला तो आपल्या शिलकीचा! मला पन्नास वेळा बघण्याएवढी शिल्लक नाही, तो भाग सोडा.

माझ्या विद्यार्थ्याने आपल्या जमातीची बाजू मांडली, तीही न्यायाने लिहिली पाहिजे. तो म्हणाला, "बाई, आम्हाला दर तक्रारीमागे घड्याळ लावलेलं असतं. अमुक मिनिटांत 'सुटली' असं लिहायचं. कारण शोधलं तर वेळ जातो, रीस्टार्टने जात नाही. वर बऱ्याच पोरांना त्या लॉगची फाइल उघडायची परवानगीच नसते. परवानगी मागायची तर तिचीही एक रांग." हे ऐकून माझा राग त्याच्यावरून उतरला आणि एक मजला वर चढला. दहावीचा निकाल वाढवा म्हणून आम्हालाही असंच घड्याळ लावत. निकाल वाढायचा. पोरांना वाचता यायचं की नाही, ते घड्याळाला कळत नसे.

खिडकीवरच्या मुलावरही माझा राग नाही. त्याला त्या तीन शब्दांपलीकडे काही दिलेलंच नाही. पण ज्यांनी दिलं नाही त्यांना मी विचारते. क्रमांक तुमच्याकडे आहे, कारण तुमच्याकडे आहे, वेळ-मिनिट-सेकंदासकट नोंद तुमच्याकडे आहे. मग माझ्या पोळ्यांच्या बाईला तुम्ही ती का देत नाही? तिला २०८५ म्हणजे काय हे कळायची गरज नाही. ते ज्याला कळतं त्याच्यापर्यंत तो आकडा न्यायची मात्र गरज आहे. रेल्वेचा हमाल पावतीवरचा नंबर वाचून सामान शोधतो, त्याला आतलं काय आहे ते कुठे माहीत असतं?

आणि "आपोआप येतील" या शब्दालाही नियम आहे, तो सांगून ठेवते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ला परिपत्रक काढलं. यूपीआयने दुकानाला किंवा संस्थेला पैसे भरले, खात्यातून गेले, पण पलीकडे पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत आलेच पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना मुदत एकच दिवस. मी हे त्या संस्थेच्या खिडकीवर म्हटलं तेव्हा तिथल्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू संस्कृत बोलते आहे. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक मोबाइलवर असतो, तो कागदावर उतरवा, वेळ लिहा, रक्कम लिहा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बँक तीस दिवस गप्प बसली तर लोकपालाकडे जाता येतं. तोंडी भांडणाचा काही उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय.

आम्हीही लेखीच दिलं. अर्ज मुलीने लिहिला, मी फक्त एक वाक्य घालायला लावलं. "आपल्याकडे किंवा आपल्या पैसे गोळा करणाऱ्या कंपनीकडे न पोहोचलेल्या निरोपांची डेड लेटर क्यू असल्यास ती उघडून पाहावी व त्यातील कारण-क्रमांक कळवावा." हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याचं, शुद्धलेखन माझं. एका रांगेतल्या ऱ्हस्व-दीर्घापायी हे सगळं झालं असेल असं तेव्हा मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नऊ दिवसांनी तिला फोन आला. त्या कंपनीतल्या एका मुलीचा, आवाजावरून चोवीस-पंचवीसची असेल. तिने खरंच पेटी उघडून पाहिली होती. शुक्रवारी दुपारी त्यांनी रांगेचं नाव बदललं होतं, नवं नाव एका बाजूला मोठ्या लिपीत पडलं आणि दुसऱ्या बाजूला लहान. त्यानंतर आलेले सगळे निरोप, कपाळावर २०८५ घेऊन, त्या पेटीत नीट जपून ठेवलेले होते. पोळ्यांच्या बाईच्या मुलीचा त्यात होता, आणि तिच्या पुढेमागे आणखी पुष्कळ. सर्व्हर त्या शुक्रवारी-शनिवारी एक मिनिटही डाऊन नव्हता. त्या मुलीने स्वतःहून सांगितलं, "नाव आम्हीच चुकवलं." फोन स्पीकरवर होता. मी तिला म्हटलं, "तुझं नाव काय गं?" ती घाबरली, तिला वाटलं मी तक्रार करते आहे. मला शाबासकी द्यायची होती.

बाकीच्यांना कळवलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, निरोप आता पुढे सोडलेत, सगळ्यांचे जमा दिसतील. पण त्यांतल्या कितीजणांनी शनिवारी दुसऱ्यांदा रोख भरले ते तिच्या पेटीत कुठून असणार?

म्हणजे आता संस्थेच्या वहीत मुलीचा पहिला हप्ता दोनदा जमा आहे. जास्तीचे साडेआठ हजार परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज, सोबत दोन्ही पावत्यांच्या प्रती आणि पालकाची सही. अर्ज दिला. मंगळवारी चौकशीला गेलो तर खिडकीवर तोच मुलगा. म्हणाला, "बाई, परताव्याचा सर्व्हर..." आणि माझ्याकडे बघून मधेच थांबला. मग उठून आत गेला, परत आला आणि म्हणाला, साहेबांची सही राहिली आहे. शुक्रवारी या.

शुक्रवारी पुन्हा जायचं आहे. बचत गटाचा हप्ता पाच तारखेला आहे.